धुऱ्यावरची निर्गुडी



शेतकी विभागाच्या या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या वेळी बोलायचे आहे ते एका अशा झाडाविषयी, जे कोणी विकत आणीत नाही, ज्याला कोणी पाणी देत नाही आणि ज्याचे नाव पीक-नोंदीच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. ते म्हणजे आपली नाल्याकाठची निर्गुडी. कुणी तिला निगुडी म्हणतो, कुणी निगड. ती धुऱ्यावर मुद्दाम लावावी, जपावी आणि फुलू द्यावी, असे आमचे सांगणे आहे.

गावोगावच्या बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “साहेब, उसाले फुलाचं काय काम जी?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. उसाला स्वतःसाठी फुलाची गरज नाही. ऊस आपण टिपरीने लावतो, बियाण्याने नाही. उलट उसाला तुरा आला की वाढ थांबते, कांडीत दशी पडू लागते आणि तोडणी लांबली तर साखर उतरते. उसाच्या फुलाची गरज पडते ती नवी जात काढणाऱ्या शास्त्रज्ञांना. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९१२ पासून ते काम चालते. आपल्या वावरातल्या उसाला मात्र मधमाशी येवो अथवा न येवो, त्याचे वजन त्यावर ठरत नाही.

मग निर्गुडी कशाला? कारण तीन आहेत. पहिले, आपण नुसता ऊस पिकवीत नाही. दुसरे, उसावरच्या किडीला खाणारे जे कीटक आहेत त्यांनाही पोट आहे. आणि तिसरे, धुरा मोकळा आणि उघडा ठेवण्याची जी नवी सवय आपल्याला लागली आहे, ती महागात पडणारी आहे.

उसाच्या फडात माशीला उपवास

पेंचच्या कालव्याखाली असो वा विहिरीच्या पाण्यावर, जिथे ऊस लागतो तिथे तो सलग लागतो. दहा-पंधरा एकरांचा पट्टा, शेजाऱ्याचाही ऊसच. माणसाला हा हिरवा फड पाहून समाधान वाटते. पण मधमाशीच्या दृष्टीने पाहिले तर ते एक वाळवंट आहे. त्यात मध नाही, पराग नाही, वर्षभर एक फूल नाही.

पूर्वी याची भरपाई धुरा करीत असे. धुऱ्यावर बोर होती, पळस होता, तरवड होता, बाभूळ होती, आणि त्यांच्या खाली दहा प्रकारचे रानगवत व रानफुले होती. आता जमीन वाटून लहान झाली, ट्रॅक्टर आला, आणि दर साली दोन-दोन बोटे करीत धुरा कोरला गेला. जो उरला त्यावर तणनाशकाचा फवारा. वरून दिसायला स्वच्छ, पण त्यावर ना माती धरून ठेवणारे मूळ, ना एखादे फूल.

याचा फटका उसाला बसत नाही म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. तो बसतो उसाच्या शेजारच्या वाफ्याला. कारली, दोडका, काकडी, भोपळा, टरबूज यांच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. नराचा पराग मादीवर नेऊन टाकायला कोणी तरी लागतेच, आणि ते काम माश्या करतात. माशी नसेल तर वेल फुलाने भरतो, मादी फुलामागची कोवळी काकडी पिवळी पडते आणि गळून जाते. आपण म्हणतो, “हवामान खराब होते,” किंवा दुकानातून टॉनिकची बाटली आणतो. पराग पडला की नाही, हे मात्र कोणी पाहात नाही. कांद्याचे बी धरणारे, सूर्यफूल किंवा मोहरी घेणारे सभासदही याच माश्यांवर अवलंबून आहेत. तुरीचे फूल आपल्याच परागाने शेंग धरू शकते, तरी तुरीच्या फुलावर मधमाश्या आणि मोठे भुंगे फिरतातच, आणि एका झाडाचा पराग दुसऱ्याला नेतात. संकरित तुरीचे बियाणे तयार करताना तर हेच कीटक कामाला लागतात.

हा प्रश्न आपल्या तालुक्यापुरता नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एकत्र बसून जो आढावा घेतला, त्यात जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पिके थोड्याफार प्रमाणात परागवाहक कीटक-प्राण्यांवर अवलंबून असल्याचे नमूद आहे. चीनच्या सिचुआन प्रांतातील काही भागांत तर गेल्या शतकाच्या अखेरीस शेतकऱ्यांवर सफरचंद व नासपतीच्या झाडांवर चढून कुंचल्याने फुलाफुलाला पराग लावण्याची वेळ आली. जे काम माशी फुकट करीत होती, त्याला मजुरी मोजावी लागली. आपल्याकडे तोडणीला मजूर मिळत नाही. फुलांना पराग लावायला कोठून आणणार?

किडीचे वैरी, आपले सोयरे

आता उसाकडे वळू. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हा मोठा हाहाकार उडाला होता, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पानांच्या खालून कापसासारखा पांढरा थर, वर काळी बुरशी, आणि उंच उसात फवारणी करायला शिरता येईना. त्या वेळी खरा उपयोग झाला तो मित्रकीटकांचा. डिफा, मायक्रोमस अशा माव्याच्या भक्षकांची वाढ करून ते फडात सोडण्यात आले. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कित्येक साखर कारखाने या कामी लागले. त्याच माव्यावर सिरफिड माशीच्या अळ्याही ताव मारताना आढळल्या.

ही सिरफिड माशी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पिवळे-काळे पट्टे असलेली, फुलासमोर हवेत एका जागी ठरून राहणारी लहान माशी ती हीच. तिला डंख नसतो. तिची अळी मावा खाते. पण माशी स्वतः मावा खात नाही. ती फुलातला मधुरस आणि पराग यांवर जगते, आणि पोट भरले तरच अंडी घालते. क्रायसोपा या हिरव्या, जाळीदार पंखांच्या किड्याचेही तसेच. अळी शिकारी, प्रौढ किडा मध-परागावर.

खोडकिडीसाठी आपण जी ट्रायकोकार्डे लावतो त्यातून निघणारा ट्रायकोग्रामा हा अर्ध्या मिलिमीटरचा जीव. तो किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. त्याचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. त्यात मधुरस मिळाला तर तो जास्त दिवस जगतो आणि जास्त अंडी शोधतो. म्हणजे आपण कार्डाला पैसे मोजतो, पण त्यातून निघालेल्या पाहुण्याला घरात पाणीसुद्धा ठेवीत नाही, असे होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निर्गुडी लावली म्हणजे कीड संपली, असे आम्ही म्हणत नाही. बेणेप्रक्रिया, वेळेवर लागण, कामगंध सापळे, ट्रायकोकार्ड ही कामे चालूच ठेवायची. निर्गुडी त्या सगळ्यांच्या पाठीशी उभी राहते, एवढेच.

निर्गुडीच का?

कारण ती इथलीच आहे, उंच वाढते, दुष्काळात तगते आणि दर साली नव्याने पेरावी लागत नाही. एकदा लागली की वर्षानुवर्षे राहते.

पान ओळखीचे आहे. एका देठावर तीन किंवा पाच पाती, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी. ही पांढुरकी लव पानातून उडणारे पाणी अडवते. मुळे खोल जातात. म्हणून वैशाखात नाल्यातले पाणी आटले तरी काठची निर्गुडी मरत नाही. पाने गाळील, पण पहिल्या सरींबरोबर पुन्हा फुटेल. उंची मोकळी सोडल्यास आठ-दहा फुटांपासून पंधरा फुटांपर्यंत जाते. छाटली तर हवी तेवढी ठेवता येते.

फुले निळसर जांभळी, पाव इंचाच्या आसपास, पण एका तुऱ्यात शेकडो. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत मुख्य बहर, आणि ओल असेल तर पुढेही थोडी फुले चालू राहतात. प्रत्येक फुलाला खाली पुढे आलेला ओठ असतो. माशी त्यावर उतरते, आत तोंड घालते, आणि तिच्या अंगाला पराग लागतो. फूल लहान आणि नळी आखूड असल्यामुळे सातेरी मधमाशी, लहान फुलोरी माशी, सिरफिड माशी, बारीक गांधीलमाश्या अशा सगळ्यांना त्यातला मध काढता येतो.

तिसरा गुण ढोरांचा. शेळी असो वा गाय, निर्गुडीच्या उग्र वासामुळे तिला सहसा तोंड लावीत नाही. धुऱ्यावर दुसरे कोणतेही रोप लावले की कुंपण घालावे लागते. निर्गुडी स्वतःच कुंपण आहे.

चौथा गुण असा की, खोडकिडीसारख्या उसाच्या किडी उसाखेरीज ज्वारी, मका आणि धुऱ्यावरची उंच जंगली गवते यांवर जगतात. ऊस नसतानाच्या दिवसांत त्यांना तिथे आसरा मिळतो. निर्गुडी त्या गवताच्या कुळातली नाही. म्हणजे उंच गवताची जागा निर्गुडीने घेतली तर आपला फायदाच आहे.

हिचे नाव किती दूर गेले आहे तेही सभासदांच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या औषधींवरील ग्रंथात ही वनस्पती ‘नेगुंदो’ या नावाने आली. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने तिचे शास्त्रीय नाव ‘व्हायटेक्स नेगुंदो’ असे ठेवले, आणि उत्तर अमेरिकेतल्या एका मॅपल वृक्षाची पाने निर्गुडीसारखी दिसतात म्हणून त्यालाही ‘नेगुंदो’ हेच नाव मिळाले. आपल्या नाल्याकाठच्या झाडाचे नाव अमेरिकेच्या झाडाला लागले आणि आपण मात्र तिला कुऱ्हाड लावतो.

घाणेरी नको

काही सभासद विचारतात की फुलेच हवी असतील तर घाणेरी काय वाईट आहे? तिच्यावर तर फुलपाखरे भरपूर असतात. ते खरे आहे. पण घाणेरी अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली परकी वनस्पती आहे. ती एकदा शिरली की खाली दुसरे काही उगवू देत नाही, आणि ढोरांनी खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. रामटेक-पारशिवनीकडच्या सभासदांना घाणेरीने भरलेले जंगल काही नवे नाही. ती धुऱ्यावर आणू नये. असल्यास मुळासकट काढावी आणि तिथेच निर्गुडी लावावी.

लागण कशी करावी?

१) वेळ : फेब्रुवारी-मार्चमध्ये फाटे पिशव्यांत लावून रोपे तयार करावीत आणि मृगाचा पाऊस चांगला पडून जमीन ओली झाली की धुऱ्यावर लावावीत. पाऊस लागून राहिला तर फाटे सरळ धुऱ्यावर खोचूनही लागतात, पण मर जास्त होते.

२) फाटा : पेन्सिलीएवढा जाड, पक्व फांदीचा, आठ ते दहा इंच लांब. खालचा काप डोळ्याच्या लगत तिरपा घ्यावा. दोन डोळे मातीत, दोन वर. एकाच झाडाचे सगळे फाटे न घेता चार-पाच वेगवेगळ्या झाडांचे घ्यावेत. नाल्याकाठचे झाड ओरबाडू नये. एका झाडावरून पाच-सहा फाटे पुरे.

३) अंतर : कुंपणासाठी तीन फूट, फुलांसाठी पाच फूट. एक एकर चौरस वावराची एक बाजू साधारण २०९ फूट भरते. पाच फुटांवर एक धरले तर एका धुऱ्याला ४२ रोपे लागतात. सुरुवातीला एकच धुरा घ्यावा.

४) खड्डा : एक फूट लांब, रुंद व खोल. त्यात दोन घमेली कुजलेले शेणखत किंवा कारखान्याच्या मळीचे कंपोस्ट. रासायनिक खताची गरज नाही.

५) पाणी : पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, झाडामागे एक बादली. दुसऱ्या सालापासून पाणी नाही दिले तरी चालते.

६) जागा : उसाच्या शेवटच्या सरीपासून तीन-चार फूट सोडावे. पाण्याच्या पाटावर आणि निचऱ्याच्या चरात लावू नये. तोडणीच्या वेळी बंडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली निघेल अशी पंधरा फुटांची वाट मोकळी ठेवावी.

७) सामाईक धुरा : धुरा शेजाऱ्याशी सामाईक असेल तर आधी त्याला विचारावे. धुऱ्याच्या दोन बोटांवरून भाऊबंदकीची भांडणे कोर्टापर्यंत जातात हे आपण जाणतो. दोघांनी मिळून लावलेली निर्गुडीची ओळ ही दोघांचीही खूण राहते आणि मग धुरा कोरायला कोणी धजत नाही.

छाटणी आणि ताबा

निर्गुडीला बुडातून फुटवे येतात. मोकळी सोडली तर ती पसरते, म्हणून ताबा ठेवावा लागतो. मुख्य बहर संपल्यावर, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, कंबरेच्या उंचीवर छाटावी. पण सगळी ओळ एकाच वेळी छाटू नये. एका साली अर्धी, दुसऱ्या साली उरलेली. म्हणजे माश्यांना काही ना काही राहतेच. वावरात शिरलेले फुटवे वखराच्या पाळीत निघून जातात.

छाटलेला पाला वाया जात नाही. साठवणीच्या धान्यात निर्गुडीचा वाळलेला पाला घालण्याची चाल घरोघरी आहे. दशपर्णी अर्कात तो लागतो. सांधे दुखले की निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतात हे माय-आजीला सांगायला नको. पोटात घ्यायचे औषध मात्र वैद्याला विचारूनच. उरलेला पाला सरीत पसरावा, तो कुजून खत होते.

एकट्या निर्गुडीने भागत नाही

सुरू उसात खोडकिडीचा जोर मार्च ते जून या तापत्या दिवसांत असतो, आणि तेव्हा निर्गुडीचा भर बहर नसतो. म्हणून साखळी जुळवावी लागते. माघ-फाल्गुनात पळस, पुढे मोह, मग कडुनिंब आणि करंज, पावसाळ्यात निर्गुडी, पावसाळा सरता सरता बोर आणि तरवड. ही झाडे ज्याच्या धुऱ्यावर आहेत त्याने ती तोडू नयेत, एवढेच पुरे आहे. शिवाय सुरू उसात कोथिंबिरीचे आंतरपीक घेणाऱ्यांनी कडेची एक ओळ उपटू नये, फुलू द्यावी. कोथिंबिरीच्या बारीक पांढऱ्या फुलावर लहान मित्रकीटक फार येतात.

माश्यांना अन्नाबरोबर घरही लागते. पुष्कळ रानमाश्या पोळे बांधीत नाहीत. एकेकटी मादी धुऱ्याच्या नांगर न लागलेल्या मातीत बीळ करते, कोणी वाळक्या पोकळ काडीत घर करते, तर मोठा काळा भुंगा वाळलेल्या लाकडाला भोक पाडतो. म्हणून धुऱ्याचा थोडा भाग न खणता, न जाळता तसाच ठेवावा.

तीन गोष्टी टाळाव्या

पहिली, आग. पाचट जाळताना आग धुऱ्यापर्यंत जाते आणि निर्गुडीबरोबर मातीतल्या माश्याही जातात. पाचट जाळूच नये, हे आम्ही नेहमी सांगतो. खोडव्यात पाचट सरीत कुजवले तर ओल टिकते, सेंद्रिय खत मिळते, आणि पायरिलाच्या अंगावर जगणाऱ्या एपिरिकेनियाचे पांढरे कोष पानांवर असतात तेही वाचतात.

दुसरी, तणनाशक. उसात २,४-डी मारताना वारा असेल तर फवारा धुऱ्यावर जातो, आणि हे औषध रुंद पानाच्या झाडांना मारणारेच आहे. वारा शांत असताना, नोजल खाली धरून फवारावे. धुऱ्यावर तणनाशक मारू नये. गवत विळ्याने कापावे, ते ढोरांच्या कामी येते.

तिसरी, कीटकनाशक. भाजीपाल्यावर वा तुरीवर फवारणी करणे भागच असेल तर फूल उमललेले असताना सकाळी करू नये. त्या वेळी माश्या कामावर असतात. सूर्य मावळताना फवारावे, आणि गरज नसताना फवारूच नये.

आणखी एक. धुऱ्यावर फुले आली म्हणजे आग्या मोहोळ येईल आणि तोडणीच्या माणसांना चावेल, अशी काहींना धास्ती वाटते. आग्या मोहोळ उंच झाडावर, कड्यावर, टाकीखाली बसते. निर्गुडीच्या झुडपात नाही. झुडपात बसते ती लहान फुलोरी माशी, आणि ती उगीच कोणाच्या वाटेला जात नाही. कोणतेही पोळे धूर-आगीने जाळू नये. शेजारच्या वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने मधमाशी पालन हा खेड्याचा उद्योग म्हणून धरला होता, आणि आग्या मोहोळाचा मध पोळे न मारता काढण्याची पद्धतही पुढे याच भागात लोकांना शिकवली गेली. मधपेटी ठेवण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी आधी धुऱ्यावर चारा तयार करावा, मग पेटी आणावी. चाऱ्याविना म्हैस बांधल्यासारखे होऊ नये.

या हंगामात एवढे करावे

प्रत्येक सभासदाने आपल्या वावराचा एक धुरा निवडावा. त्यावर आज काय उभे आहे ते पाहावे. पळस, बोर, तरवड असेल तर ते राखावे. मोकळ्या जागेत निर्गुडीची ४०-४२ रोपे लावावीत. नंतर दर पंधरवड्याला एकदा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, फुललेल्या झाडासमोर पाच मिनिटे उभे राहून किती प्रकारच्या माश्या येतात ते मोजावे. नावे येत नसली तरी हरकत नाही. काळी मोठी, पट्ट्याची लहान, अशी खूण पुरे. सालभरात तो आकडा वाढतो की घटतो, यावरून धुऱ्याची प्रकृती कळते. शाळेत जाणारी मुले हे काम आपल्यापेक्षा चांगले करतात.

फाटे कोठे मिळतील, कसे कापावेत, याबद्दल अडचण आल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला विचारावे. आम्ही लागणीच्या नोंदी घ्यायला वावरात येतोच. त्या वेळी धुराही दाखवावा. उसाचा उतारा टनात मोजता येतो आणि तो मोजलाच पाहिजे. धुऱ्याचे देणे टनात मोजता येत नाही, म्हणून ते नाही असे समजू नये.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग